अपघाताचं ऑपरेशन आणि जास्त वजन: वॉर्डातल्या या चुका टाळा

ठरवून केलेल्या ऑपरेशनला पेशंट शुगर, बीपी, छातीचा फोटो सगळं करून येतो. अपघाताचा पेशंट मध्यरात्री स्ट्रेचरवर येतो, जसा असेल तसा. त्यात वजन जास्त असेल तर जखम चिघळणं, पायात रक्ताची गुठळी, न्यूमोनिया, सगळ्याचाच धोका वाढतो. हे नर्सिंगच्या परीक्षेत सगळे लिहितात. वॉर्डात आल्यावर विसरतात.

बीपीचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा. यावरून मी नव्या मुलींचं डोकं खाते आणि खात राहणार. जाड दंडाला साधा कफ गुंडाळला की बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. ओपीडीत त्यामुळे फार तर एखादी गोळी वाढेल. आतून रक्त जाऊ शकतं अशा पेशंटला हाच आकडा घातक ठरतो. एका काकांची गाडी हायवेवर घसरली, पोटातली प्लीहा फाटली, रात्रीच काढावी लागली. पहाटे चार्टवर बीपी १२६/८४. नाडी मात्र १३०च्या पुढे, युरिन बॅग जवळजवळ रिकामी, हातपाय गार. ड्युटीवरची मुलगी म्हणाली, "सिस्टर, बीपी तर छान आहे. दुखत असेल म्हणून नाडी वाढली असेल." कफचं वेल्क्रो जेमतेम चिकटलेलं, पंप मारला की सुटत होतं. लार्ज कफ शोधायला दुसऱ्या वॉर्डात माणूस पाठवला. वरचं बीपी ९० निघालं. सर्जनना फोन, पुन्हा ऑपरेशन थिएटर. बांधलेली रक्तवाहिनी सुटली होती. काका वाचले.

माझ्या खिशात कायम टेप असते. दंडाचा घेर साधारण ३५ सेंटिमीटरच्या पुढे गेला की लार्ज कफ. तो नसेल तर बसेल तो कफ मनगटाच्या वर बांधून घ्या, तसं चार्टवर लिहा आणि पुढचं प्रत्येक रीडिंग तिथूनच घ्या. नाडी आणि लघवी एक सांगत असतील आणि बीपी भलतंच, तर आधी कफ तपासा. "चालतंय की" म्हणणाऱ्यांना ट्रॉमा वॉर्डात ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वजन नजरेने लिहू नका. सेफाझोलिन या अँटिबायोटिकचा डोस १२० किलोपासून २ ग्रॅमचा ३ ग्रॅम होतो. गुठळी न होण्याचं इंजेक्शनही फार जाड पेशंटला नेहमीच्या मापात कमी पडू शकतं. वजनकाटा नसेल तर घरच्यांना विचारा. चार्टवर खरं वजन दिसलं तरच डॉक्टर डोस बदलतील.

आता नातेवाईक. "त्याला हलवू नका, आराम करू दे." उताणं पडून राहिलं की पोट श्वासपटलाला (छाती आणि पोटामधल्या पडद्याला) वर रेटतं, फुप्फुसाचा तळ मिटतो, छातीत बेडका साचतो. मणक्याला इजा नाही हे डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याकडची बाजू ३० अंश वर आणि ऑर्डर मिळताच पेशंट खुर्चीत. दुखतं म्हणून तो बसत नसेल तर आधी वेदनाशामक द्या, मग अर्ध्या तासाने उठवा. सगळे उलट करतात: आधी ओढतात, ओरडला की सोडून देतात.

दुसरा लाडका उद्योग म्हणजे, "बरंच झालं, या निमित्ताने वजन उतरेल," म्हणून पेज आणि मुगाचं पाणी. मोठ्या इजेनंतर शरीर आधी स्नायू खातं. चरबीचा साठा असला तरी जखम भरायला प्रथिनं लागतातच. अंडी, पनीर, घट्ट वरण द्या. नेमकं किती ते आहारतज्ज्ञ सांगतील. डाएट टाके निघाल्यावर, चालायला लागल्यावर.

मधुमेह नाही असं घरचे सांगतात, म्हणून शुगर तपासणं सोडू नका. अनेकांना तो ॲडमिट झाल्यावरच कळतो.

रात्री मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास थांबतो, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. मॉर्फिन, ट्रामाडॉल या वेदनाशामकांनी श्वास आणखी मंदावू शकतो, म्हणून ती देण्याआधी बायकोला विचारा.

पोटाच्या घडीत पावडर किंवा हळद भरू नका. पुसून कोरडी ठेवा.

पोटाची पट्टी अचानक गुलाबी पाण्याने भिजली तर नुसती पट्टी बदलून मोकळे होऊ नका. आतले टाके सुटत असू शकतात. सर्जनना तेव्हाच बोलवा, राउंडची वाट बघू नका.