लंडन ते दारव्हा: प्रवासाचा हिशोब घरापासून घरापर्यंत

यवतमाळ, दारव्हा, दिग्रसकडून यंदा लंडनला आलेल्या पोरापोरींनो, खोलीचं आणि बँक खात्याचं जमून जाईल. आधी घरी जायचा हिशोब मांडून ठेवा.

लंडन ते मुंबई हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना साधारण नऊ तास लागतात, परत येताना थोडे जास्त, कारण वरच्या हवेतले जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. नागपूरला इथून थेट विमान नाही. त्यामुळे घरी "नऊ तासांत पोचतो" असं कधी सांगू नका. खोलीवरून हीथ्रोला दोन तास, तिथे तीन तास आधी हजर, मग विमान, मुंबईत इमिग्रेशन, बॅगा, नागपूरच्या विमानाची वाट आणि शेवटी गावापर्यंत गाडी. तिकीट लगेच मिळालं तरी चोवीस तास गेलेच. मी तीस धरतो.

दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी घेतली आणि पहिलं उशिरा आलं, तर पुढचं गेलं ते गेलंच. रात्री मुंबईत अडकलात तर नागपूरचा हट्ट सोडा. समृद्धी महामार्गाने यायचं आणि कारंजाला उतरायचं. तिथून दारव्हा जवळ. गाडी मात्र स्वतः चालवू नका, रात्रभराच्या प्रवासानंतर त्या सरळ रस्त्यावर डोळा लागतो.

पासपोर्ट नवा काढला की ई-व्हिसाच्या खात्यात त्याचा नंबर त्याच आठवड्यात बदला. नाहीतर परत येताना विमानतळावर खोळंबा होतो.

फोनचं गणित सोपं आहे. उन्हाळ्यात आपण साडेचार तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच. गावात नऊला निजानीज होते, म्हणून दुपारच्या सुट्टीतच बोलून घ्या. हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीची लाइन असली, की बाबा अकरा वाजताही शेतात जागे असतात. तेव्हा इथे संध्याकाळचे साडेपाच. मोटर चालू करून ते बांधावर बसलेले असतात, त्या वेळी घरी सांगत नाहीत ते दुखणंखुपणंही बोलतात. तो फोन चुकवू नका.

आता अवघड गोष्ट. घरात कुणाचं बरंवाईट झालं, तर तुमच्यासाठी थांबायचं की नाही, हे सगळे धडधाकट असतानाच बोलून घ्या. माय रागावेल, "अभद्र बोलू नको" म्हणेल. तरी बोला. तीस तास हा आकडा मोठ्या भावाला, काकाला स्पष्ट सांगा. थांबायचं ठरलं तर शीतपेटी कुठून आणायची, तेही त्यांना आधीच विचारून ठेवायला लावा. आणि थांबू नका असं ठरलं, तर तेही तुमच्याच तोंडून त्यांना कळू द्या, म्हणजे अग्नी देणाऱ्याच्या मनावर ओझं राहणार नाही.