भरलेल्या रूट पार्टिशनवरचे सॉफ्टवेअर दुसरीकडे हलवताना
लिनक्सवर रूट पार्टिशन (डिस्कचा मुख्य सिस्टीम असलेला भाग) भरत आले आणि ‘ऑप्ट’ डिरेक्टरीतले एखादे मोठे सॉफ्टवेअर जागा अडवून बसले असेल, तर ते काढून पुन्हा इन्स्टॉल करण्याची गरज नसते. प्रोग्रॅम बंद करून त्याचे फोल्डर रूटच्या (म्हणजे मुख्य प्रशासक वापरकर्त्याच्या) अधिकाराने ‘सीपी -ए’ ही आज्ञा देऊन दुसऱ्या पार्टिशनवर उतरवावे, म्हणजे मालकी आणि परवानग्या कायम राहतात. मात्र त्या पार्टिशनची फाइल सिस्टीम (फाइली साठवण्याची पद्धत) एक्स्ट४सारखी असावी, कारण फॅट३२वर त्या टिकत नाहीत. मग मूळ फोल्डरचे नाव बदलून जुन्या नावाने ‘एलएन -एस’ वापरून, पूर्ण पाथ देऊन, सिम्बॉलिक लिंक (नव्या जागेकडे नेणारा शॉर्टकट) करावी. नाव बदलायचे राहिले, तर लिंक त्या फोल्डरच्या आतच तयार होते आणि चूक चटकन ध्यानात येत नाही, म्हणून ‘एलएस -एल’ने बाण कुठे वळतो ते पाहावेच. नवे पार्टिशन मशीन सुरू होताना आपोआप जोडले जावे म्हणून ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये नोंदवावे. जुनी प्रत मशीन रीस्टार्ट करून, प्रोग्रॅम चालवून पाहिल्यावरच पुसावी.