कॅश गेममधील डावपेचांच्या चुका: त्या कशा शोधाव्यात आणि कशा दुरुस्त कराव्यात

पोकरच्या कॅश गेममध्ये, म्हणजे प्रत्यक्ष पैसे टेबलावर ठेवून खेळायच्या आणि हवे तेव्हा उठता येणाऱ्या खेळात, पैसे कमी होत चालले की खेळाडूला एखादाच मोठा डाव आठवतो. हातात राजांची जोडी होती, फ्लॉपच्या (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांच्या) आधीच शंभर बिग ब्लाइंडचा (पत्ते पाहण्याआधी एका खेळाडूला भरावी लागणारी सक्तीची रक्कम) सगळा स्टॅक, म्हणजे आपल्यापुढचे सगळे पैसे, पुढे सरकवला आणि समोरच्याने दोन एक्के उघडले. असा डाव रात्रीची झोप उडवतो, पण त्यात सुधारण्यासारखे जवळजवळ काही नसते. एक्क्यांची जोडी कोणाही एका खेळाडूला सरासरी २२१ डावांत एकदा मिळते. सहा जणांच्या टेबलावर तेवढ्याच डावांत स्मॉल ब्लाइंड (बिग ब्लाइंडच्या निम्मी सक्तीची रक्कम) मात्र छत्तीस-सदतीस वेळा भरावा लागतो. चूक किती महाग पडते हे तिची एका वेळची किंमत आणि ती किती वेळा घडते या दोहोंच्या गुणाकारावर ठरते. म्हणून दुरुस्तीची सुरुवात रोज घडणाऱ्या, एक-दोन ब्लाइंडच्या, कोणाला सांगण्याजोग्याही नसलेल्या निर्णयांपासून करावी. येथील विवेचन नो-लिमिट होल्डेमला (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर पाच सामाईक पत्ते आणि बेटला वरची मर्यादा नाही) आणि शंभर बिग ब्लाइंडच्या आसपास स्टॅक असलेल्या खेळाला धरून आहे. रकमा सांगताना नुसता ‘ब्लाइंड’ म्हणजे बिग ब्लाइंड समजावा.

पहिले काम नोंदीचे आहे. प्रत्यक्ष टेबलावर खेळणाऱ्याने डाव संपल्यावर आपली जागा, हातातले पत्ते, समोरच्याची जागा आणि प्रत्येक बेटचा आकडा एवढेच दोन ओळींत लिहून ठेवावे. ऑनलाइन खेळणाऱ्याला डावांचा इतिहास बहुधा तयारच मिळतो. त्यातून आधी दोन प्रमाणे काढावीत: आपण स्वतःहून पैसे घालून किती टक्के डावांत उतरतो आणि फ्लॉपच्या आधी किती टक्के डावांत रेझ करतो, म्हणजे बेट वाढवतो. सहा जणांच्या टेबलावर नीट खेळणाऱ्याचा पहिला आकडा साधारण २२ ते २७ च्या दरम्यान असतो आणि दुसरा त्याच्यापासून फार दूर नसतो. पहिला ३५ आणि दुसरा १० असेल, तर पुढे काही तपासण्याआधीच निदान झाले असे समजावे. हा खेळाडू कॉल करून करून, म्हणजे समोरच्याच्या बेटएवढी रक्कम नुसती भरत राहून, पैसे घालवत आहे.

कॉल हा पोकरमधला सर्वांत निरुपद्रवी दिसणारा निर्णय आहे, आणि माझ्या मते बहुतेक चुकांचे मूळ त्यातच आहे. रेझ करणाऱ्याला दोन मार्गांनी जिंकता येते, सगळ्यांनी पत्ते टाकून डाव सोडला तर किंवा आपले पत्ते सरस ठरले तर. कॉल करणाऱ्याला त्या क्षणी पहिला मार्ग बंद असतो. स्मॉल ब्लाइंडमधला कॉल तर त्याहून वाईट, कारण फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत सर्वांत आधी आपल्यालाच बोलावे (आपला निर्णय सांगावा) लागते आणि मागे बसलेला बिग ब्लाइंड अजून रेझ करू शकतो. मी स्वतः कित्येक महिने ‘अर्धा ब्लाइंड आधीच भरलेला आहे’ या समजुतीवर तेथे वाटेल ते पत्ते खेळत होतो. भरलेला अर्धा ब्लाइंड पॉटचा (मध्ये जमलेल्या पैशांचा) झालेला असतो, आपला राहिलेला नसतो.

एक डाव जवळून पाहू. पहिल्या जागेवरचा (फ्लॉपच्या आधी सर्वांत आधी बोलणारा) खेळाडू तीन ब्लाइंडचा रेझ करतो. स्मॉल ब्लाइंडमध्ये आपल्याकडे राजा आणि गुलाम आहेत, दोन्ही वेगवेगळ्या रंगांचे. आपण कॉल करतो, बिग ब्लाइंड पत्ते टाकतो आणि पॉट सात ब्लाइंडचा होतो. फ्लॉपवर राजा, अठ्ठी आणि चव्वी येते. आपण चेक करतो (बेट न लावता पाळी पुढे देतो), तो साडेतीन ब्लाइंड लावतो, आपण कॉल करतो. टर्नवर (चौथ्या सामाईक पत्त्यावर) दुर्री, तो दहा लावतो, आपण कॉल करतो. रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या सामाईक पत्त्यावर) आणखी एक दुर्री. तो चौतीसच्या पॉटमध्ये पंचवीस लावतो. ८४ ब्लाइंडच्या अंतिम पॉटसाठी पंचवीस भरायचे म्हणजे कॉल बरोबरीत सुटायलाही सुमारे ३० टक्के वेळा आपण पुढे असायला हवे. आता त्याच्याकडे काय असू शकेल ते मोजू. एक्क्यांची जोडी सहा प्रकारे, एक्का-राजा आठ प्रकारे (दोन राजे आपण पाहत आहोत, उरले दोन), एकाच रंगाचे राजा-राणी दोन प्रकारे, राजांची जोडी एका प्रकारे आणि अठ्ठ्यांची तीन प्रकारे. आपल्याला हरवणारे हे वीस प्रकार झाले. कॉल फिटायचा असेल तर त्याने आठ-नऊ प्रकारच्या रिकाम्या हातांनिशी सलग तीन फेऱ्या बेट लावलेली असली पाहिजे. पहिल्या जागेवरून रेझ करणारा सामान्य खेळाडू असे करत नाही. आपण कॉल करतो, तो एक्का-राजा दाखवतो आणि साडेएकेचाळीस ब्लाइंड जातात.

या डावाची चर्चा निघाली की सगळे रिव्हरवर बोट ठेवतात, आणि रिव्हरचा कॉल चुकीचा होताच. पण डाव फ्लॉपच्या आधी, अडीच ब्लाइंड भरतानाच फसला होता. पहिल्या जागेवरून रेझ करणाऱ्याच्या पत्त्यांपुढे राजा-गुलामाला राजाची जोडी लागली, तरी सोबतचा पत्ता बहुधा कमीच पडतो. उपाय ढोबळ आहे, पण शिकणाऱ्याला पुरतो. स्मॉल ब्लाइंडमधून पुन्हा रेझ करावा किंवा पत्ते टाकावेत, कॉल जवळजवळ करूच नये. पुन्हा रेझ करताना, आपल्याला आधी बोलावे लागणार असल्याने, मूळ रेझच्या चौपट रक्कम ठेवावी. बोलण्याची पाळी नंतर असेल तर तिप्पट पुरते. तेथे प्रत्येक वेळी पत्ते टाकले तरी स्मॉल ब्लाइंडमधल्या शंभर डावांमागे पन्नास ब्लाइंडचाच तोटा होतो. त्या जागेवर उत्तम खेळाडूही तोट्यातच असतो, त्याचा तोटा फक्त पन्नासपेक्षा कमी असतो. आपल्या नोंदीतला आकडा साठ किंवा सत्तर निघाला, तर तेथे आपण जे काही खेळत आहोत ते न खेळण्याहूनही महाग पडत आहे.

बिग ब्लाइंडचे गणित वेगळे आहे, आणि दोन्हींना एकच नियम लावणे हीदेखील एक चूकच आहे. बटणावरून (फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्या जागेवरून) अडीच ब्लाइंडचा रेझ आला आणि स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, तर आपल्याला साडेपाचच्या पॉटसाठी दीड ब्लाइंडच भरायचा असतो. म्हणजे २७ टक्के पुरतात, आणि आपल्या मागे बोलणारेही कोणी उरलेले नसते. येथे भीतीने चांगले एकरंगी पत्ते टाकून देणाऱ्यांचे बरेच नुकसान होते.

लहान जोड्यांबाबत फक्त एक आकडा लक्षात ठेवावा. हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरा पत्ता लागण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. तो लागला तरी दर वेळी समोरचा सगळा स्टॅक देत नाही, म्हणून भरायच्या रकमेच्या पंधरा ते वीस पट पैसे समोरच्याकडे शिल्लक असतील तरच निव्वळ त्या आशेवर कॉल करावा. चाळीस ब्लाइंड उरलेल्या खेळाडूच्या दहा ब्लाइंडच्या रेझवर पंजीची जोडी घेऊन कॉल करणे हा नवस झाला.

ड्रॉचे (एखादा पत्ता लागला तरच पूर्ण होणाऱ्या हाताचे) गणितही पुष्कळांचे अर्धवट असते. फ्लॉपवर फ्लशला (एकाच रंगाच्या पाच पत्त्यांना) एक पत्ता कमी असेल, तर रिव्हरपर्यंत तो लागण्याची शक्यता ३५ टक्के असते, हे बहुतेकांना पाठ असते. समोरच्याने पॉटएवढी बेट लावली की ३३ टक्के लागतात, आपल्याकडे ३५ आहेत, मग कॉल करावा असे ते ठरवतात. पण ३५ टक्के हे दोन पत्ते पाहण्याचे मोल आहे आणि भरलेली रक्कम एकाच पत्त्याची आहे. टर्न कोरा गेला की दुसरी बेट येते आणि तेव्हा उरते सुमारे २० टक्के. फ्लॉपवर दोघांचेही सगळे पैसे मध्ये जात असतील तरच ३५ चा आकडा जसाच्या तसा वापरावा. एरवी एका पत्त्याच्या हिशेबाने पाहावे, आणि लागल्यावर समोरच्याकडून आणखी किती निघू शकेल याचा अंदाज त्यात मिळवावा.

फ्लॉपच्या आधी रेझ केला म्हणून फ्लॉपवर डोळे मिटून बेट लावण्याची सवयही तोट्याची आहे. जोडी नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर साधारण दोन-तृतीयांश वेळा काहीच लागत नाही, त्यामुळे समोर एकच जण असेल तर पॉटच्या निम्म्या रकमेचा ब्लफ पुष्कळदा चालतो. तो बरोबरीत यायला एक-तृतीयांश वेळा पत्ते टाकले गेले की पुरे. समोर तिघे असतील तर तिघांनाही काही न लागण्याची शक्यता ढोबळ हिशेबाने ३१ टक्क्यांवर येते, आणि मुळातच जोडी घेऊन आलेले किंवा ड्रॉ लागलेले त्यात धरलेलेच नाहीत. म्हणून तीन-चार जणांच्या पॉटमध्ये काही लागले नसेल तर चेक करावा. त्याची लाज वाटू देऊ नये.

याच्या उलट, चांगले पत्ते असताना कमी पैसे काढणे ही चूक नोंदीत तोटा म्हणून दिसतच नाही, आणि म्हणूनच वर्षानुवर्षे टिकते. साडेपाच ब्लाइंडच्या पॉटमध्ये आपण तिन्ही फेऱ्यांत पॉटच्या तिसऱ्या हिश्शाची बेट लावली आणि ती प्रत्येक वेळी कॉल झाली, तर समोरच्याकडून एकूण दहा ब्लाइंड मिळतात. तीच बेट दर वेळी पॉटच्या पाऊणपट ठेवली तर सुमारे चाळीस मिळतात. एकाच डावातला हा चौपट फरक केवळ ‘मोठी बेट पाहून तो पळून जाईल’ या धास्तीने सोडून दिला जातो. ज्याला कॉल करण्याचा हव्यास आहे, तो लहान बेटला जितक्या आनंदाने कॉल करतो तितक्याच आनंदाने मोठ्या बेटलाही करतो. अशा खेळाडूविरुद्ध मोठी बेट लावावी आणि ब्लफ मात्र जवळजवळ बंद ठेवावा. समतोल रेंजचे (कोणकोणत्या पत्त्यांनिशी काय खेळायचे या संचाचे) आणि संगणकावर काढलेल्या उत्तरांचे शास्त्र खरे आहे, पण ज्याला समोरचा पत्ते टाकत नाही एवढेही दिसलेले नाही, त्याने ते पाठ करणे म्हणजे आधी कळस मग पाया.

रिव्हरवर आपल्या बेटवर रेझ आला की एका जोडीनिशी पत्ते टाकावेत. कमी रकमेच्या टेबलांवर हा नियम क्वचितच दगा देतो.

टूर्नामेंटमधून आलेल्या खेळाडूंनी आणखी एक गोष्ट तपासावी. कॅश गेममध्ये ब्लाइंड वाढत नाहीत आणि टेबलावर टिकून राहण्याचे वेगळे बक्षीस नसते, त्यामुळे घाई करण्याचेही कारण नाही आणि स्टॅक जपण्यासाठी फायद्याचा कॉल सोडण्याचेही नाही. स्टॅक पस्तीस ब्लाइंडवर आला की तो पुन्हा शंभरापर्यंत भरावा. भरण्याची मनाची तयारी नसेल, तर ते उठण्याचे पुरेसे कारण आहे. जागेचेही पाहावे. पैसे साधारणपणे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सरकतात, म्हणून जो फार डाव खेळतो आणि वारंवार रेझ करतो तो आपल्या उजव्या हाताला असावा, म्हणजे त्याने काय केले हे पाहून आपल्याला बोलता येते.

दुरुस्ती एका वेळी एकाच चुकीची करावी आणि तिचे मोजमाप जिंकलेल्या पैशांनी करू नये. सहा जणांच्या खेळात शंभर डावांमागचे प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून साधारण किती हलतो ते माप) सहज नव्वद ब्लाइंडच्या घरात असते. दहा हजार डावांनंतरही त्यामुळे निकालात शंभर डावांमागे नऊ ब्लाइंडचा चढउतार अगदी स्वाभाविक असतो, म्हणजे खरोखर चार ब्लाइंड कमावणारा खेळाडू तेवढ्या डावांनंतर पाच ब्लाइंडच्या तोट्यात दिसू शकतो. पैशांकडे पाहून निष्कर्ष काढणारा बरोबर केलेला बदल दोन आठवड्यांत सोडून देतो. म्हणून निर्णयच मोजावेत. पुढच्या पाचशे डावांत स्मॉल ब्लाइंडमधून किती वेळा कॉल केला आणि त्यातला प्रत्येक कॉल कोणत्या जागेवरच्या रेझवर होता, हे लिहावे. तो आकडा मागच्या पाचशे डावांतल्या आकड्याशेजारी ठेवावा, आणि तो खरोखर खाली आल्याशिवाय दुसऱ्या चुकीला हात लावू नये.