बांधाचा वाद: आधी मोजणी, मग तार

शेजाऱ्याने बांध कोरलाय असा संशय आला की अनेकजण थेट खांब रोवायला निघतात. हद्द ठरण्याआधी उभं केलेलं कुंपण काहीच सिद्ध करत नाही. उलट मोजणीत ते दोन फूट पलीकडे निघालं, तर अतिक्रमण करणारे तुम्हीच ठरता. म्हणून आधी कागद, मग मोजणी, मग पक्क्या खुणा आणि सगळ्यात शेवटी कुंपण.

बांध, विदर्भात म्हणाल तर धुरा, एका रात्रीत सरकत नाही. 200 मीटर लांबीच्या बांधावर दरवर्षी नांगराची एक ओळ 20 सेंटीमीटर आत घेतली, तर वर्षाला 40 चौरस मीटर जातात. पाच वर्षांत 200 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन गुंठे. प्रत्येक वर्षीचा फरक नजरेत भरत नाही, आणि मुद्दाम केलं की ट्रॅक्टरवाल्याने वळण घेताना ओढलं, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे आरोपाने सुरुवात करू नका. ‘दोघांच्या नावाने मोजणी मागवू’ असं आधी बोलून पाहा. संयुक्त अर्ज झाला तर शुल्क वाटून घेता येतं, आणि नंतर ‘मला नोटीसच नव्हती’ म्हणायला जागा राहत नाही.

कागद

सातबारा, आठ अ, गटाचा नकाशा, पूर्वी मोजणी झाली असेल तर तिची ‘क’ प्रत (मोजणीनंतर मिळणारा नकाशा), आणि गट एकत्रीकरणात, म्हणजे जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या सरकारी योजनेत, पडलेला असेल तर त्या योजनेचा उतारा काढा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्द नसते. ‘माझ्या उताऱ्यावर 80 आर आहे आणि जागेवर 76 भरतं’ एवढ्यावरून चार आर शेजाऱ्यानेच खाल्ले असं ठरत नाही. ती तूट दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याकडे असू शकते, रस्त्यात गेलेली असू शकते, किंवा मूळ नोंदच चुकलेली असू शकते.

भू-नकाशाच्या संकेतस्थळावर उपग्रह चित्रावर गटाच्या रेषा दिसतात. त्यावरून गटाचा अंदाज घ्या, खांब रोवू नका. मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक सहज असते आणि आपला वाद दोन-चार फुटांचा असतो.

भावकीत इथेच घोळ होतो. गट एकच, सातबाऱ्यावर तिघांची नावं, वाटणी तोंडी आणि पोटहिस्से कधी मोजलेलेच नाहीत, अशी स्थिती असेल तर हद्द कायम मोजणी गटाची बाहेरची हद्द दाखवेल. भावाभावांमधला आतला बांध सरकारी नकाशात नाहीच, तर दाखवणार कुठून? तिथे सहहिस्सेदारांची संमती घेऊन पोटहिस्सा मोजणी करावी लागते. संमती मिळत नसेल तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा.

मोजणीचा अर्ज

अर्ज तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाकडे, ई-मोजणी प्रणालीतून करता येतो. मोजणीचा प्रकार ‘हद्द कायम’ निवडा. शुल्क क्षेत्रावर आणि किती तातडी आहे त्यावर ठरतं. लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं आणि पत्ते काळजीपूर्वक भरा. मयत खातेदाराचं नाव तसंच टाकलं आणि वारसांना नोटीस गेली नाही, तर झालेल्या मोजणीवर हरकत घ्यायला आयतं कारण मिळतं.

तारीख मागताना पिकाचा विचार करा. उभ्या उसात रेषा टाकता येत नाही. रब्बी निघाल्यावर, पावसाआधी जमीन उघडी असते तेव्हाचा काळ उत्तम.

मोजणीचा दिवस

आदल्या दिवशी बांधावरची काटेरी झुडपं छाटून ठेवा, चार-पाच माणसं, चुना, खुंट्या, टिकाव आणि हद्दीचे दगड तयार ठेवा. भूकरमापक, म्हणजे मोजणी करणारा सरकारी कर्मचारी, आल्यावर गटातला वादाचा एकच कोपरा धरून बसू नका. तीन गट मिळतात ते कोपरे, जुने दगड, विहीर, ओढ्याचं वळण, जे जे मूळ नकाशात आहे ते दाखवा. रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने मोजणारं यंत्र, कितीही अचूक असला तरी तो ज्या जुन्या खुणांवर नकाशा बसवतो त्या चुकीच्या असतील, तर अख्खी हद्द तेवढ्याच अचूकपणे चुकीच्या जागी जाते.

आणि मग बहुतेक मोजण्या जिथे वाया जातात ती वेळ येते. चुन्याची रेषा आणि लाकडी खुंट्या मारून पथक निघून जातं, आठ दिवसांत खुंट्या गायब. त्याच दिवशी, दोन्ही बाजूंची माणसं उभी असताना, प्रत्येक कोपऱ्यावर दोन-अडीच फुटी दगड निम्म्याहून जास्त जमिनीत गाडा. खड्ड्याच्या तळाशी दगडी कोळसा नको, लाकडी कोळशाचे आणि विटांचे तुकडे टाका. कोळसा कुजत नाही, त्यामुळे दगड उपटला तरी जागा खणून सापडते. शिवाय प्रत्येक दगडापासून न हलणाऱ्या दोन वस्तूंपर्यंत, समजा विहिरीचा कठडा आणि विजेचा खांब, टेपने अंतर मोजा, लिहा आणि टेपसकट फोटो काढा. दोन अंतरं आणि फोटो असले की तो बिंदू पुन्हा काढता येतो.

पंचनाम्यावर शेजाऱ्याने सही केली नाही म्हणून मोजणी रद्द होत नाही. तुम्हाला पटली नाही तर तोंडी भांडू नका, हरकत लेखी द्या. वरच्या अधिकाऱ्याकडून होणारी फेरमोजणी म्हणजे निमताना, आणि तीही मान्य नसेल तर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना. ‘क’ प्रत हातात आली की नकाशातली हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट या दोन रेषा वेगवेगळ्या आहेत का ते पाहा. शेजाऱ्याकडे किती जमीन गेली ते त्यांच्यामधल्या जागेवरून कळतं.

अतिक्रमण निघालं तर

मोजणी खातं हद्द दाखवतं, ताबा काढून देत नाही. समजुतीने शेजारी मागे सरकायला तयार असेल तर ‘क’ प्रतीची नक्कल जोडून 500 रुपयांच्या मुद्रांकावर, साक्षीदारांसमोर, कधीपर्यंत जागा सोडणार ते लिहून घ्या. जमिनीची अदलाबदल ठरली तर मात्र नोंदणीकृत दस्तच हवा. असा कागद नुसत्या मुद्रांकावर केला तर फेरफार होत नाही.

तयार नसेल तर वकिलामार्फत नोटीस आणि दिवाणी दावा. ताबा नुकताच बळजबरीने घेतलेला असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. मालकी हक्काच्या आधारे ताबा मागायला प्रतिकूल कब्जा (मालकाचा हक्क नाकारून दुसऱ्याने उघडपणे ठेवलेला ताबा) सुरू झाल्यापासून बारा वर्षांची मुदत आहे, त्यामुळे ‘पोराच्या लग्नानंतर बघू’ म्हणत वर्षं घालवू नका. पोलीस मारामारीची, धमकीची तक्रार घेतील, पण बांध कुणाचा हे ते ठरवत नाहीत.

कुंपण

दगड ते दगड दोरी ताणा आणि खांब त्या रेषेपासून वीतभर आत, आपल्या बाजूला घ्या, म्हणजे काँक्रीटचा गोळाही हद्दीत राहतो. आठ फुटी खांब दोन फूट जमिनीत, दर अडीच मीटरला एक. सरळ 100 मीटरला 41 खांब लागतात. पाच पदरी काटेरी तारेला 500 मीटर, वर तिरक्या पदरांसाठी थोडी जास्त. कोपऱ्याच्या आणि मधल्या ताणाच्या खांबांना तिरके टेके द्याच. टेका नसला की तार ताणताच खांब आत झुकतो आणि पहिल्या पावसात सगळी ओळ सैल पडते.

तार ओढण्याआधी वहिवाटीची पायवाट आणि पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुठून जातो ते बघा. रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे तुमच्याविरुद्धच अर्ज जाईल. पाण्यासाठी खालची तार उंच ठेवली किंवा पाइप टाकला, तरी निम्मी भांडणं टळतात.