बर्फातला बांगडा आणि ताऱ्यांमधले रेणू: आकाशदर्शन घेताना या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत गुहागरच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनापलीकडे आम्ही आकाशदर्शन ठेवतो. मध्यरात्रीच्या सुमारास वृश्चिक चांगला वर येतो, ज्येष्ठा तांबूस चमकते आणि आकाशगंगेच्या पट्ट्यात मधेमधे काळे डाग दिसतात. ते मागच्या ताऱ्यांना झाकणारे वायू आणि धुळीचे ढग. त्यांच्या दाट गाभ्यात, उणे २६३ अंश सेल्सिअसच्या थंडीत, पाणी, अमोनिया, मिथेनॉल तयार होतं, असं मी एकदा नेहमीच्या उत्साहात सांगून टाकलं. मासे विकणाऱ्या एका मावशींचा मुलगा पुढे बसला होता. तो म्हणाला, "सर, आई बांगडा बर्फात ठेवते तो खराब होऊ नये म्हणून. थंडीत काही घडतच नाही ना? मग उणे २६३ला तिथे पाणी कसं बनणार?"

त्या रात्री मला धड उत्तर देता आलं नाही. प्रश्न चोख होता. गोंधळ आम्हा सांगणाऱ्यांचा असतो, कारण चुलीवरचं रसायन आम्ही जसंच्या तसं आकाशात नेऊन ठेवतो.

सुरुवात 'ढग' या शब्दापासूनच बिघडते. कोकणातल्या पोराला ढग म्हटलं की जूनमधलं काळंभोर आभाळ आठवतं. त्यात विज्ञान प्रदर्शनात काळ्या पुठ्ठ्यावर कापूस चिकटवला की झालंच. आपण श्वास घेतो त्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये २५वर १८ शून्यं इतके रेणू असतात. या 'दाट' ढगांत तेवढ्याच जागेत साधारण दहा हजार ते दहा लाख. तरी ढग काळा दिसतो, कारण त्याचा पल्ला प्रकाशवर्षांचा. कापूस लावायचाच असेल तर लावा, पण हे आकडे शेजारी मोठ्या अक्षरांत लिहा.

आता बांगड्याकडे. बर्फात मासा टिकतो, कारण त्याला सडवणाऱ्या क्रियांना आधी एक चढ चढावा लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता बर्फ काढून घेतो. पण प्रत्येक क्रियेला असा चढ नसतो, आणि हेच आपण सांगायला विसरतो. अवकाशातून येणारे वैश्विक किरण ढगात खोलवर शिरतात आणि हायड्रोजनच्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडवतात. तो प्रभारित रेणू दुसऱ्या हायड्रोजन रेणूला भेटला की तीन हायड्रोजनचा आयन (म्हणजे प्रभारित कण) बनतो, एच-थ्री-प्लस. हा मोठा दानशूर, दिसेल त्याला आपला प्रोटॉन देऊन मोकळा. कार्बन मोनॉक्साइडला दिला की एचसीओ-प्लस हा दुसरा आयन, ऑक्सिजनच्या अणूला दिला की पाण्याकडे जाणारी साखळी सुरू. प्रभार समोरच्याला लांबूनच ओढून घेतो, चढ बहुधा नसतोच, त्यामुळे थंडीने फारसं अडत नाही. १९७३मध्ये हर्ब्स्ट आणि क्लेम्परर या शास्त्रज्ञांनी ढगांचं रसायन याच वाटेने मांडलं. एच-थ्री-प्लस तिथे प्रत्यक्ष सापडायला मात्र १९९६ उजाडलं.

दुसरी वाट धुळीवरून जाते. इथली हमखास चूक म्हणजे फळ्यावर 'एच अधिक एच बरोबर एच-टू' लिहून पुढे सरकणं. विरळ अवकाशात दोन हायड्रोजन अणू आपटले तर जवळजवळ नेहमीच पुन्हा सुटतात, कारण बंध जुळताना निघणारी ऊर्जा न्यायला तिसरं कोणी नसतं. मी आता परातीत दोन गोट्या घरंगळवतो. आपटतात, लांब जातात. मग मधे कणकेचा गोळा ठेवतो. एक गोटी रुतते, दुसरी येऊन तिच्याशेजारी रुतते. धुळीचा कण हे काम करतो: अणूला धरून ठेवतो, जोडी जुळली की ऊर्जेचा वाटा स्वतः घेतो आणि रेणूला सोडून देतो. (गोट्या कणकेतून आपोआप सुटत नाहीत, हे मुलं सांगतातच. मान्य करावं.) कणाची त्रिज्या मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी, आणि त्यावर हायड्रोजनचा अणू येऊन बसतो साधारण दिवसाकाठी एखादा. घाई कोणालाच नाही, हाताशी लाखो वर्षं आहेत.

याच कणांवर पाण्याचा बर्फ साचतो, आणि तापमान २० केल्विनच्या, म्हणजे सुमारे उणे २५३ अंश सेल्सिअसच्या, खाली गेलं की कार्बन मोनॉक्साइडही गोठून बसतो. त्याला एकेक हायड्रोजन जोडत गेलं की आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग मिथेनॉल. इथे चढ असतो खरा, पण हायड्रोजन इतका हलका की तो चढ न चढताच पलीकडे निघतो. कशेडी घाट टाळून बोगद्यातून गेल्यासारखं, फक्त हा बोगदा कोणी खणलेला नसतो.

ताऱ्यांच्या उजेडाने रेणू बनतात, असंही बरेच जण सांगतात. उलट, उघड्यावर ताऱ्यांचे अतिनील किरण रेणू मोडतात. सुपारीच्या सावलीत मिरवेल जगते तसे हे रेणू धुळीच्या आडोशाला टिकतात.

एक चूक माझी स्वतःची, कित्येक वर्षं केलेली. नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) या ढगांतला कार्बन मोनॉक्साइड पाहते, असं मी ठोकून द्यायचो. ती मोठ्या तरंगलांबीच्या रेडिओ लहरींसाठी आहे. अणुरूप हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर ती टिपते. थंड हायड्रोजन रेणू जवळजवळ गप्पच असतो, म्हणून ढगांचा माग कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटरच्या लहरीवरून काढतात. ती विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस यांनी १९७०मध्ये मृगातल्या तेजोमेघात पकडली. त्यासाठी वेगळ्या, फार गुळगुळीत तबकड्या लागतात.

शेवटची बाब शब्दाची. मिथेनॉलला 'सेंद्रिय रेणू' म्हणू नका, निदान आमच्याकडे तरी. मी म्हटलं, तर मागे उभ्या असलेल्या एका बागायतदार काकांनी विचारलं, "शेणखत कोण घालतं तिथे?" तेव्हापासून मी 'कार्बनी रेणू' म्हणतो.