ट्रकच्या अपघातानंतर ऑपरेशन झालेल्या पायावर वजन कसं द्यावं

पुणे-बेंगळुरू महामार्गावर ट्रकनं उडवलेला असो, की गळीत हंगामात अंधारात उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेला, पेशंट मांडीत नाहीतर नडगीत रॉड घालून साताऱ्याहून, कराडहून, मिरजेहून घरी येतो. केंद्राच्या २०२५ च्या कॅशलेस योजनेत दीड लाखापर्यंतचे उपचार होतात, पण अपघातापासून ७ दिवसांपुरतेच. पुढचे चार-सहा महिने घरच्यांनी निभवायचे असतात.

डिस्चार्ज कार्ड, एमएलसी नंबर (अपघाताची पोलीस केस म्हणून दवाखान्यात झालेल्या नोंदीचा), सगळे एक्स-रे आणि औषधांची बिलं एका पिशवीत ठेवा, नुकसानभरपाईच्या क्लेमला लागतात. टाके साधारण १२ ते १४ दिवसांनी निघतात. तंबाखू, मिश्री बंद. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायचं लांबतं.

तेल लावून पाय चोळून देणारा गावोगाव भेटतो. त्याला दारातूनच परत पाठवा. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, तर चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली, छातीत दुखलं तर थेट १०८.

आता वजनाचं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. डॉक्टर म्हणतात, “थोडं-थोडं वजन द्या,” आणि घरी प्रत्येक जण त्याचा वेगळा अर्थ लावतो. म्हणून ओपीडीतून उठण्याआधी विचारा: किती किलो, आणि कधीपर्यंत? ‘पाय अजिबात टेकू नका’ असं सांगितलं असेल, तर पुढचं काही करू नका. ‘नुसता टेकवा’ याचा अर्थ पूर्ण तळवा जमिनीला लावायचा, पण असा की पायाखाली पापड आहे आणि तो मोडायचा नाही. ‘पार्शल वेट’ म्हणजे ठरावीक वजनच द्यायचं असेल तर आकडा लागतोच.

तो आकडा पायाला शिकवायला साधा काट्याचा वजनकाटा आणा. डिजिटल नको, त्याचा आकडा स्थिर व्हायला वेळ जातो. काट्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीची न डगमगणारी फळी ठेवा. ही फळी लोक विसरतात. मग एक पाय उंच, एक खाली, कंबर तिरकी आणि वजन चुकीचं. वॉकर धरून चांगला पाय फळीवर, ऑपरेशनचा पाय काट्यावर ठेवा आणि शेजारी एक माणूस उभा करा. समजा १५ किलो सांगितलेत. काटा १५ वर येईपर्यंत पाय हळूहळू दाबा, पाच सेकंद थांबा, सोडा. असं दहा वेळा. मग मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघत तेवढंच दाबा, आणि आकडा शेजारच्याला वाचू द्या. पहिल्या दिवशी अंदाज हमखास चुकतो. दिवसातून तीनदा करा. न बघता सलग पाच वेळा आकडा जवळपास आला, की मगच चालायला घ्या. दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा काट्यावर तपासा, कारण दुखणं कमी झालं की पाय नकळत जास्त दाबला जातो.

जास्त वजन पडलं तर रॉडचे स्क्रू तुटतात, प्लेट वाकते. पण घाबरून पाय अधांतरी धरणंही तितकंच वाईट. गुडघा वाकवून पाय मागे लोंबकळत ठेवणारे कितीतरी जण दिसतात. महिन्याभरात पोटरी बारीक होते, टाचेमागची स्नायूची दोरी आखडते आणि पुढे वजन द्यायची परवानगी मिळाली तरी टाच जमिनीला लागत नाही. म्हणून चवड्यावर चालू नका. आधी टाच, मग तळवा.

वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेला आली पाहिजे. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, आणि चांगला पाय वॉकरच्या पुढच्या दांडीला भिडेल इतका पुढे टाकू नका, तोल मागे जातो. वॉकरच्या पायांचं रबर झिजलं की लगेच बदला. ओल्या फरशीवर आणि न्हाणीघरातल्या कडप्प्यावर नुसता ॲल्युमिनियमचा पाय सर्रकन सरकतो.

संध्याकाळी थोडी सूज येणारच. पाय उशीवर उंच ठेवून झोपल्यावरही ती सकाळी तशीच असेल, तर आदल्या दिवशी जास्त चालणं झालं, आज निम्मं करा. जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. वॉकर सुटून काठी आली, की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा. दुखऱ्या बाजूला धरली तर अंग त्याच पायावर कलतं आणि सगळा भार तिथेच पडतो.