ड्रायर गुरगुरतो पण फिरत नाही? मोटर बदलण्याआधी ब्रेक वायर तपासा

सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर फिरेनासा झाला की बहुतेक वेळा एकच निदान ऐकायला मिळतं: मोटर गेली. आमच्याकडेही पहिल्यांदा तेच सांगितलं गेलं. मोटर बदलली, पैसे गेले आणि पुढच्या पावसाळ्यात ड्रायर पुन्हा तसाच अडकला. तेव्हा मी स्वतः मागचं झाकण उघडलं. त्यानंतर बहिणीचं, शेजारच्या काकूंचं, गावच्या घरातलं अशी बरीच मशिनं उघडून झाली. आता माझं मत पक्कं आहे. ब्रेक तपासल्याशिवाय मोटरला कोणालाही हात लावू देऊ नका.

सोप्या गोष्टी आधी उरका. कपडे सगळीकडे सारखे दाबून वर जाळी बसवा. एकटीच जाड चादर असेल तर जोडीला टॉवेल टाका. पाणी जाण्याचा पाइप जमिनीवर सरळ सोडा, कारण पाणी तुंबलं तर ड्रायर त्या पाण्यातच अडखळतो आणि वेग घेत नाही. प्लग काढून आतल्या आणि बाहेरच्या टबांच्या फटीत बॅटरी मारून बघा. मोजा किंवा रुमाल तिथे हमखास सापडतो.

मग रिकामा ड्रायर लावून आवाज ऐका. काहीच आवाज नसेल तर झाकणाखालचा स्विच, टायमर किंवा उंदराने कुरतडलेली वायर. मोटर मोकळी फिरतेय पण टब जागचा हलत नाही, तर कपलिंगचे, म्हणजे मोटर आणि टब यांना जोडणाऱ्या भागाचे, स्क्रू ढिले झालेत, ते आवळा. नुसती गुरगुर येत असेल तर दोन-तीन सेकंदांत बंद करा. अडकलेल्या मोटरला वीज देत राहिलं की वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तापतं, आणि मग मात्र मोटर खरोखरच जाते. 'हाताने एक झटका द्या, सुटेल' असं सांगणाऱ्याचं मुळीच ऐकू नका. चालू ड्रायरमध्ये हात घालायचा नाही.

आता ब्रेक. मी इथेच फसले होते, म्हणून नीट सांगते.

प्लग काढून, ड्रायरचं झाकण उघडून मी टब हाताने फिरवला. तो घट्ट लागला. सगळ्यांनी मान डोलावली, जाम झालाय. पण झाकण उघडं असताना ड्रायर घट्टच असायला हवा! तेव्हा ब्रेक स्प्रिंगच्या जोराने लागलेला असतो. झाकण बंद केलं की ते ब्रेक वायर ओढतं आणि ब्रेक सुटतो. त्यामुळे वायर तुटली, ढिली झाली किंवा नळीत गंजून अडकली, तर ब्रेक लागलेलाच राहतो. वायर तुटली म्हणजे ब्रेक निकामी झाला असं सायकल वापरणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. इथे नेमकं उलटं आहे.

तपासायला दोन माणसं लागतात. प्लग काढा, मशीन भिंतीपासून ओढा आणि मागचं झाकण काढा. ड्रायरच्या मोटरपाशी ब्रेकचा दांडा आणि त्याला अडकवलेली वायर दिसेल. दुसऱ्याला ड्रायरचं झाकण उघड-बंद करायला सांगा आणि दांड्यावर नजर ठेवा. झाकण बंद होताच ब्रेकची पट्टी सुटली पाहिजे आणि कपलिंग हाताने सहज फिरलं पाहिजे. पट्टी घासत राहिली तर दांडा स्वतः ओढून धरा आणि पुन्हा फिरवून बघा. आता फिरलं तर दोष वायरचा, मोटरला दूषण देऊ नका. तरीही अडलं तर टबाखालचं रबरी सील, बुश (टबाचा आस ज्यात फिरतो ती छोटी नळी) किंवा मोटर बघावी लागेल.

बऱ्याच मशिनांत वायरच्या टोकाला भोकांची पट्टी असते. वायर पुढच्या भोकात अडकवून ताण वाढवा, पण एका वेळी एकच भोक. जास्त ताणली तर ड्रायर छान फिरतो आणि झाकण उघडल्यावर थांबतच नाही. म्हणून तपासणी दोन्ही बाजूंनी करा: झाकण बंद असताना ड्रायर मोकळा, उघडं असताना घट्ट. वेगात फिरणारा ड्रायर झाकण उघडल्यावर १५ सेकंदांत थांबला नाही, तर ते मशीन वापरायचं नाही. गंजलेली वायर तेल घालून चालवत बसू नका. जुनी वायर नमुना म्हणून दुकानात न्या आणि तेवढ्याच लांबीची नवी आणा. मी एकदा दांड्यावर तेल सोडलं, ते ओघळून ब्रेकच्या पट्टीवर गेलं आणि ब्रेक घसरायला लागला. पट्टी बदलावीच लागली.

आणि ब्रेकचा दांडा तारेने कायमचा बांधून 'काम झालं' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. झाकणाच्या स्विचच्या वायरी थेट एकमेकींना जोडून तो निकामी करणाऱ्यालाही. घरातलं लहान मूल फिरत्या ड्रायरमध्ये हात घालू नये म्हणूनच या दोन्ही गोष्टी तिथे आहेत.

ब्रेक मोकळा, कपलिंग हाताने सहज फिरतंय, तरी गुरगुर चालूच असेल तर कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारी वायरींची डबी, बदला. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. होल्डरमधल्या जुन्या पिवळ्या (एलईडी नव्हे) बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावून ती उतरवा, उघडी टोकं बोटांनी धरू नका. वायरी काढण्याआधी फोटो घ्या, कारण अनेक मशिनांत धुण्याचा आणि ड्रायरचा कंडेन्सर एकाच डबीत असतो. नव्यावरचा एमएफडीचा (मायक्रोफॅरड, कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) आकडा जुन्याइतकाच हवा. मोठा आकडा घेतला की जोर वाढतो, असं सांगणारे दुकानदार भेटतात. जोर वाढो न वाढो, त्याने मोटर तापते.

मोटरवर गंजाचे ओघळ दिसले तर वरचं रबरी सील गळतंय. तेही याच वेळी बदला, नाहीतर नवी वायर, नवी मोटर सगळं पुन्हा गंजेल. माझी पहिली मोटर बदलली तेव्हा हे सील कोणी पाहिलंच नव्हतं.

मागचं झाकण लावण्याआधी खालची उंदरांची जाळी जागेवर आहे ना, ते बघून घ्या.